दलाली शून्य, मग पैसे जातात कुठे?

सोन्याच्या बांगड्या मोडायला सराफाकडे गेलेल्या माणसाला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. फलकावर लिहिलेला भाव आपण घ्यायचा असतो. आपण विकायला गेलो की घट, मजुरी, 'दागिना आमच्याकडचा नाही' अशी एकेक वजाबाकी सुरू होते. सकाळी घेतलेली बांगडी संध्याकाळी मोडली तरी पदरमोड होणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. शेअर बाजारात शिरताना मात्र हे शहाणपण आपण चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो. मोबाइलवर एकच भाव चमकत असतो, अ‍ॅप सांगतं 'डिलिव्हरीवर दलाली शून्य', आणि घेणं-विकणं आता फुकट झालं असं आपण धरून चालतो.

ते फुकट नसतं. शेअरच्या सौद्याला दोन प्रकारचा खर्च येतो. एक काँट्रॅक्ट नोटवर, म्हणजे सौद्याच्या पावतीवर, किंवा खात्याच्या हिशेबात छापलेला असतो, दुसरा कुठेच छापलेला नसतो. पहिला खर्च बहुतेकांना जवळपास सारखाच पडतो. दुसरा मात्र तुम्ही कोणता शेअर, किती, केव्हा आणि कशा प्रकारे घेता यावर ठरतो. छापलेले चार पैसे वाचावेत म्हणून लोक दलाल बदलतात आणि न छापलेल्या खर्चात त्याच्या कितीतरी पट घालवतात. या लेखात दोन्ही खर्च मोजायला शिकू.

छापलेला खर्च

समजा, तुम्ही 1 लाख रुपयांचे शेअर डिलिव्हरीत घेतले आणि काही दिवसांनी तेवढ्यालाच विकले. दलाली शून्य आहे. तरीही काय काय द्यावं लागतं ते बघा.

सगळ्यात मोठा वाटा रोखे उलाढाल कराचा, म्हणजे एसटीटीचा. हा कर 1 ऑक्टोबर 2004 पासून लागू आहे. डिलिव्हरीच्या सौद्यावर तो घेताना 0.1 टक्का आणि विकतानाही 0.1 टक्का लागतो. म्हणजे 100 अधिक 100, एकूण 200 रुपये. नफा झाला की तोटा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. खरेदीवर 0.015 टक्के मुद्रांक शुल्क असतं, त्याचे 15 रुपये. जुलै 2020 पासून हा दर देशभर एकच आहे. शेअर बाजाराचं शुल्क एनएसईवर लाखाला साधारण तीन रुपये, दोन्ही वेळचे मिळून सहा. सेबीचं शुल्क कोटीला 10 रुपये, म्हणजे आपल्या सौद्यात वीसेक पैसे. बाजार आणि सेबीच्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी, तो रुपयाच्या आसपास. शेवटी, शेअर विकल्यावर डिमॅट खात्यातून ते बाहेर जातात त्याचे दहा-वीस रुपये. हे शुल्क रकमेवर नसतं. दर दिवशी दर कंपनीमागे एकदा लागतं. म्हणून 1,000 रुपयांचे शेअर विकणाऱ्याला ते टोचतं, लाखाच्या सौद्यात जाणवत नाही.

बेरीज 240 रुपयांच्या आसपास जाते. म्हणजे शेअर जाऊन परत यायला साधारण पाव टक्का. यातले 200 हून जास्त रुपये सरकारचे आहेत. ते कोणत्याही दलालाकडे गेलात तरी सुटत नाहीत. जुन्या पद्धतीने अर्धा टक्का दलाली देत असाल, तर मात्र दोन्ही वेळचे 1,000 रुपये आणि त्यावर 180 रुपये जीएसटी वाढतो. तेव्हा दलाल बदलण्यात अर्थ आहेच. पण एकदा तो बदलला की छापलेल्या खर्चात आणखी वाचवण्यासारखं फारसं काही उरत नाही.

न छापलेला खर्च

अ‍ॅपवर शेअरच्या नावावर बोट ठेवलं की खाली 'मार्केट डेप्थ' दिसते. डावीकडे घेणाऱ्यांचे पाच भाव, उजवीकडे विकणाऱ्यांचे पाच भाव आणि प्रत्येकासमोर शेअरची संख्या. बहुतेक जण तिकडे बघतही नाहीत. एका मध्यम कंपनीचं काल्पनिक उदाहरण घेऊ.

घेणारे: 199.50 ला 100 शेअर, 199 ला 150, 198 ला 250, 197 ला 200, 196 ला 300.
विकणारे: 200.50 ला 100 शेअर, 201 ला 150, 202 ला 250, 203.50 ला 200, 205 ला 300.

या शेअरचा भाव किती? मधला आकडा 200, पण 200 ला घ्यायला कोणी तयार नाही आणि विकायलाही नाही. आत्ता घ्यायचा तर 200.50, आत्ता विकायचा तर 199.50. हे एक रुपयाचं अंतर म्हणजे स्प्रेड, सराफाच्या दुकानातली वजाबाकी.

आता तुम्ही 500 शेअरची मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला घेण्याची ऑर्डर, टाकली. पहिले 100 शेअर 200.50 ला मिळतील, पुढचे 150 शेअर 201 ला आणि उरलेले 250 शेअर 202 ला. एकूण 1,00,700 रुपये, सरासरी भाव 201.40. मधल्या भावापेक्षा 0.70 टक्के जास्त. मध्ये कोणतीही बातमी आली नाही, बाजार हलला नाही. तुमच्याच ऑर्डरने भाव वर ढकलला. याला इम्पॅक्ट कॉस्ट म्हणतात. तेच 500 शेअर लगेच विकले तर सरासरी 198.60 मिळेल, म्हणजे आणखी 0.70 टक्के गेले. जाऊन-येऊन 1,400 रुपये. छापलेला खर्च 240 होता, हे ध्यानात ठेवा.

ऑर्डर दुप्पट केली, म्हणजे 1,000 शेअर घेतले, तर सरासरी भाव 202.90 पडतो. मधल्या भावापेक्षा आता 1.45 टक्के जास्त. रुपयांत बघा: 500 शेअर घेताना 700 रुपये जादा गेले होते, 1,000 घेताना 2,900. खरेदी दुप्पट झाली आणि फटका चौपटीहून जास्त बसला. पातळ बाजारात मोठी ऑर्डर अशी महाग पडते.

याउलट निफ्टीतल्या अव्वल कंपन्यांच्या शेअरमध्ये दोन भावांतलं अंतर बहुधा काही पैशांचंच असतं आणि प्रत्येक भावावर शेकड्याने शेअर उभे असतात. तिथे लाखाची ऑर्डर कोणाच्या लक्षातही येत नाही. हाच तरलतेचा, बाजाराच्या भाषेत लिक्विडिटीचा, अर्थ: हवे तेवढे शेअर, हवे तेव्हा, भाव फारसा न हलवता घेता किंवा विकता येणं.

हे अंतर पडतं कशामुळे?

मुंबईच्या शेअर बाजारात माणसं रिंगणात उभी राहून ओरडून सौदे करायची, त्या काळी तिथे तारवणीवाले असत. इंग्रजीत त्यांना जॉबर म्हणत. तारवणीवाला एखाद्या शेअरचे दोन भाव तोंडावर सांगायचा: एक त्याने घ्यायचा, एक त्याने विकायचा. समोरच्याला घ्यायचंय की विकायचंय, याने त्याला फरक पडत नसे. दोन भावांमधला फरक ही त्याची कमाई. तळं राखी तो पाणी चाखी. नोव्हेंबर 1994 मध्ये एनएसईने शेअरचे सौदे संगणकाच्या पडद्यावर आणले, पुढच्या वर्षी बीएसईनेही तेच केलं आणि रिंगण ओस पडलं. पण तारवणीवाल्याचं काम संपलं नाही. आज तेच काम संगणकी प्रणाली चालवणाऱ्या संस्था करतात, आणि भाव ठरवून वाट पाहणारे तुमच्या-माझ्यासारखेही करतात.

तळं राखणारा पाणी का चाखतो, याची तीन कारणं आहेत. पहिलं साधं आहे: धंद्याचा खर्च. दुसरं, जोखीम. तुमच्याकडून त्याने शेअर घेतले आणि तासाभराने बाजार कोसळला तर तो माल त्याच्या गळ्यात. म्हणून ज्या शेअरचा भाव जास्त उड्या मारतो, त्यात अंतर मोठं. तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं: समोरच्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असेल ही भीती. जुनी स्कूटर घेताना 'हा विकतोय का?' असा प्रश्न मनात येतो आणि आपण दोन-तीन हजार कमीच सांगतो. शेअर बाजारातही तसंच. कंपनीचे तिमाही निकाल जाहीर होण्याआधी, किंवा काहीतरी शिजतंय अशी कुजबुज सुरू झाली की भाव लावून बसलेले सावध होतात. कोणी ऑर्डर काढून घेतं, कोणी भाव लांब सारतं. ज्या कंपनीबद्दल बाहेर फार थोडी माहिती आहे, तिथे ही भीती कायमची मुक्कामाला असते.

या तीन कारणांशिवाय एक यांत्रिक कारणही आहे. भाव किती पैशांच्या पायरीने हलू शकतो, हे शेअर बाजार ठरवतो. दहा रुपयांच्या शेअरला पाच पैशांची पायरी असेल तर अंतर अर्ध्या टक्क्यापेक्षा खाली येऊच शकत नाही. म्हणूनच जून 2024 मध्ये एनएसईने 250 रुपयांखालच्या शेअरसाठी एक पैशाची पायरी आणली.

पाणी कुठे आहे, कुठे आटतं

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शेअर निवडताना आधी आडात तरलतेचं पाणी किती आहे, ते वाकून बघायला हवं. कुठे काय बघायचं ते असं.

*फिरता माल किती?* सूचीबद्ध कंपनीत प्रवर्तकांकडे 75 टक्क्यांपर्यंत भागभांडवल असू शकतं. हे शेअर रोज बाजारात येत नाहीत. उरलेल्यातला मोठा हिस्सा विमा कंपन्या आणि फंडांच्या तिजोरीत वर्षानुवर्षं पडून असेल तर रोज हात बदलणारे शेअर मूठभरच राहतात. कंपनी मोठी, नाव मोठं, तरी पाणी उथळ, असं होऊ शकतं.

*इम्पॅक्ट कॉस्ट किती?* हा आकडा तुम्हाला काढत बसावा लागत नाही. एनएसईच्या संकेतस्थळावर शेअरच्या पानावर उलाढाल आणि डिलिव्हरीच्या टक्केवारीबरोबर तोही दिलेला असतो. निफ्टी 50 मध्ये येण्यासाठीची अटच अशी आहे की, 10 कोटी रुपयांच्या बास्केटसाठी गेल्या सहा महिन्यांत 90 टक्के निरीक्षणांमध्ये शेअरची सरासरी इम्पॅक्ट कॉस्ट अर्ध्या टक्क्याच्या आत असली पाहिजे. निर्देशांक बनवणारेही फक्त कंपनीचा आकार बघत नाहीत, पाणी बघतात.

*उलाढाल कायमची आहे की एका दिवसाची?* एखाद्या दिवशी दोन मोठ्यांनी आपसात माल दिला-घेतला की त्या दिवसाचा आकडा फुगतो. छोट्या शेअरमध्ये चार खाती एकमेकांत शेअर फिरवून गर्दीचा देखावाही करतात. म्हणून आजचा आकडा बघू नका, तीन-चार महिन्यांचे साधे, कंटाळवाणे दिवस बघा.

*सर्किट आणि बंधनं काय आहेत?* बहुतेक शेअरना दिवसाच्या चढउताराची मर्यादा असते: 2, 5, 10 किंवा 20 टक्के. खालची मर्यादा गाठली, म्हणजे लोअर सर्किट लागलं, की पडद्यावर विकणाऱ्यांची रांग दिसते आणि घेणाऱ्यांच्या बाजूला शून्य. तेव्हा पडद्यावरच्या भावाला काही अर्थ उरत नाही, कारण त्या भावाला कोणी घेतच नसतं. काही शेअर 'ट्रेड टू ट्रेड' गटात टाकलेले असतात. तिथे प्रत्येक सौद्याची डिलिव्हरी सक्तीची, त्यामुळे दिवसाच्या दिवसात घेऊन विकणारे निघून जातात आणि पाणी आणखी खाली जातं. एसएमई, म्हणजे लघु-मध्यम कंपन्यांच्या, शेअरमध्ये ठरावीक लॉटमध्येच (ठरलेल्या संख्येच्या गठ्ठ्यातच) व्यवहार करावा लागतो. तिथे मार्केट मेकर, म्हणजे दोन्ही भाव सांगणारा, तीन वर्षं सक्तीचा आहे. तीन वर्षांनंतर दोन भाव कोण सांगणार, हा प्रश्न शेअर घेतानाच स्वतःला विचारा.

*बाजार कोणत्या मनःस्थितीत आहे?* 23 मार्च 2020 रोजी करोनाच्या धास्तीने निर्देशांक 10 टक्के घसरले, संपूर्ण बाजारात 45 मिनिटं सौदे थांबवले गेले आणि पुन्हा सुरू झाल्यावर घसरण आणखी वाढली. अशा दिवशी चांगल्या शेअरमधलाही तळ दिसू लागतो. सगळ्यांना एकाच वेळी पाणी हवं असतं, आणि तेव्हाच ते नसतं.

ऑर्डर टाकताना

1. आधी डेप्थ उघडा. आपल्याला हवे तेवढे शेअर पहिल्या दोन-तीन भावांत मिळतात का, एवढंच बघा. वर केला तसा हिशेब एकदा कागदावर केलात की पुढे नुसत्या नजरेने जमतो.

2. मार्केट ऑर्डरची सवय मोडा. लिमिट ऑर्डरमध्ये भाव तुम्ही ठरवता. आपल्या उदाहरणात 200.50 ची लिमिट ऑर्डर टाकली तर लगेच 100 शेअर मिळतील आणि बाकीचे रांगेत थांबतील. 200 ची टाकली तर तुम्हीच दोन भावांच्या मध्ये जाऊन उभे राहाल, आणि ज्याला विकायची घाई आहे तो तुमच्याकडे येईल. कदाचित येणारही नाही. शेअर हातचा जाण्याची ही शक्यता म्हणजे लिमिट ऑर्डरची किंमत. चांगला शेअर पाच वर्षांसाठी घ्यायचा असेल तर पन्नास पैशांसाठी महिनाभर अडून बसू नका.

3. रात्री जेवणं झाल्यावर दुसऱ्या दिवसासाठी मार्केट ऑर्डर टाकून झोपू नका. बाजार 9:15 ला उघडतो आणि पहिली काही मिनिटं रात्रभरच्या बातम्या पचवण्यात जातात. तेव्हा अंतरं मोठी असतात. घाई नसेल तर पहिला पाव तास जाऊ द्या. लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताच्या सौद्यांनाही हेच लागू. शुभशकुन म्हणून दोन शेअर घ्या, मोठी खरेदी नको. त्या तासाभरात बाजार हौशींचा असतो आणि पाणी घोटाभर.

4. ऑर्डर रोजच्या उलाढालीशी ताडून बघा. कंपनीचे दिवसाला सरासरी 10,000 शेअर हात बदलत असतील आणि तुम्हाला 1,000 घ्यायचे असतील, तर तुम्ही एकटेच बाजाराचा दहावा हिस्सा आहात. अशी खरेदी आठ-दहा दिवसांत विभागा. डिलिव्हरीत दलाली शून्य असल्याचा खरा फायदा हाच: तुकडे केले म्हणून खर्च वाढत नाही. विकताना मात्र डिमॅटचं शुल्क रोज नव्याने लागतं, तेवढं धरा.

5. दोन्ही बाजार बघा. एनएसईवर घेतलेले शेअर खात्यात जमा झाले की बीएसईवर विकता येतात, आणि उलटही. छोट्या कंपन्यांचं पाणी कधी एकीकडे, कधी दुसरीकडे असतं.

6. स्टॉपलॉसवर विसंबून पातळ शेअरमध्ये शिरू नका. स्टॉपलॉस म्हणजे ठरलेल्या भावाला निघणारी विक्रीची ऑर्डर. समोर घेणारा हवा ही अट तिलाही आहे. सर्किटमागून सर्किट लागत असेल तर ती रांगेत तशीच पडून राहते.

7. ईटीएफ घेताना त्याच्या आतल्या शेअरचं चालू मूल्य, म्हणजे आय-एनएव्ही, फंडाच्या संकेतस्थळावर बघा. बाजारभाव त्याच्या जवळ असला पाहिजे. परदेशी निर्देशांकांचे ईटीएफ यात विशेष फसवे. परदेशी गुंतवणुकीच्या मर्यादेमुळे फंडांना नवी युनिट्स काढता येत नाहीत, तेव्हा लोक आहेत तीच युनिट्स मूल्यापेक्षा चढ्या भावाने घेतात.

वर्षाचा हिशेब

खर्च एका सौद्याचा बघू नये, वर्षाचा बघावा. आपल्या काल्पनिक शेअरमध्ये छापलेला आणि न छापलेला मिळून जाण्या-येण्याचा खर्च 1,640 रुपये, म्हणजे 1.64 टक्के झाला. शेअर पाच वर्षं ठेवला तर हा खर्च वर्षाला एक तृतीयांश टक्का पडतो. तो कोणीही सोसेल. पण तीच रक्कम दर महिन्याला अशाच शेअरमधून फिरवली तर वर्षाला जवळपास 20 टक्के नुसत्या खर्चात जातात. म्हणजे नफा मोजायला सुरुवात करण्याआधीच 20 टक्के कमवावे लागतील. तेव्हा एक सरळ नियम लक्षात ठेवा: आड जितका उथळ, तितका मुक्काम लांबचा हवा. आणि सहा महिन्यांत लागणारे पैसे, मुलीच्या प्रवेशाचे किंवा घराच्या हप्त्याचे, उथळ आडात टाकूच नयेत.

म्युच्युअल फंडातून छोट्या कंपन्यांत गुंतवणूक करणाऱ्यांनाही हे चुकत नाही. तिथे हा खर्च फंड सोसतो, म्हणजे तुमच्याच युनिटच्या मूल्यातून जातो. मार्च 2024 पासून फंड कंपन्या मिडकॅप आणि स्मॉलकॅप योजनांची ताण चाचणी दर महिन्याला जाहीर करतात. योजनेतला 25 टक्के आणि 50 टक्के माल विकायला किती दिवस लागतील, ते त्यात दिलेलं असतं. आपल्या योजनेसमोर दोन दिवस लिहिलेत की वीस, ते एकदा शोधून बघा. परताव्याच्या तक्त्याइतकाच हा आकडा महत्त्वाचा आहे.

आज संध्याकाळी एक काम करा. आपल्या डिमॅट खात्यातले शेअर एका कागदावर लिहा. उद्या दुपारी, बाजार शांत असताना, प्रत्येकाची डेप्थ उघडा आणि सगळे शेअर आत्ता विकले तर सरासरी भाव किती मिळेल, तो आकडा समोर मांडा. अ‍ॅपवरची बेरीज आणि कागदावरची बेरीज यांत जो फरक निघेल, तो तुमचा न छापलेला खर्च. ज्या शेअरसमोर तो दोन-तीन टक्क्यांच्या वर जाईल, त्यावर खूण करा. त्यातून बाहेर पडायचं असेल तर सुरुवात लगेच, थोडी थोडी आणि लिमिट ऑर्डरनेच करा. सगळेच विकायला धावतील त्या दिवसाची वाट पाहू नका.